वजनात फरक

दुकानाच्या पाटीवर अजून जाळी, दोर, बोये असंच आहे.
खाली नदीमने पुठ्ठा टांगला: पार्सल घेणे-देणे केंद्र.
कंपनीने काटा नवा दिला.
जुना, ज्यावर नदीमचे अब्बा शिसाच्या गोळ्या तोलायचे,
तो टाकवला नाही. त्याच्या पारड्यात मांजर झोपतं.

पूर्वी नाट्यात कुरियर यायचं नाही.
राजापूरला या, म्हणायचे.
एसटीत अर्धा दिवस, आणि तिथला पोरगा
खोक्याकडे न बघता विचारायचा, बिल कुठाय?
म्हणून आम्ही परत काही करतच नसू.
खोट निघाली तर खोटीसकट नांदवायची.
आमचा पंखा फक्त तीनवर फिरायचा,
वैशाखात तीन, थंडीतही तीन.
आडिवरेकरांची इस्त्री उजव्या हाताला झटका द्यायची,
त्यांच्या दोन्ही सुना डावखुऱ्या झाल्या.

आता सात दिवस मिळतात.
मोबाईलवरचा ठिपक्याठिपक्यांचा चौकोन दाखवायचा,
मी यंत्र धरते, टिंग होतं,
पावती बाहेर येते, बोटांना कोमट लागते.
कारण तेवढं निवडावं लागतं, आणि कारणं पाचच:
मोडकी, चुकीची, उशिरा, आवडली नाही, इतर.

यासीनचे गमबूट आले, दोन्ही डाव्या पायाचे.
तो तसेच घालून ट्रॉलरवर दोन रात्री राहिला,
मग आला, लाजत. चुकीची, मी दाबलं.
एका बाईची पैठणी, नाव नाही सांगत,
घडीत सुरंगीचा गजरा निघाला, सुकलेला, तरी वास मारणारा.
लग्न पार पडलं असणार.
गजरा मी काढून ठेवला.
आवडली नाही, मी दाबलं.

मग द्वारकाबाय आली, वरच्या वाडीतून,
डोक्यावर मिक्सर, हळदीच्या पोत्यासारखा बांधलेला.
भांडं गळतं. वाटण ओट्यावर, ओट्यावरून पायावर.
मी झाकण उघडलं, तपासावं लागतं,
तर आत कागदाची पुडी. पुडीत आमसुलं.
"हे काय?"
"रिकामा भांडा परत धाडू नये गो."

मी समजावलं. हे शेजारी नाही जायचं,
भिवंडीला जातं. मोठं गोदाम. पट्ट्यावरून खोके सरकतात,
कोणाचं कोणाला ठाऊक नसतं.
"पण उघडतो ना कोणतरी?"
"उघडतो."
"मगे? तो जेवत नाय?"

वस्तूखेरीज खोक्यात काही घालू नये,
हा नियम माझ्याच भिंतीवर आहे, मीच चिकटवला.
पुडी मी बाजूला काढली.
तिने असं बघितलं
जसं मी कुणाच्या पानातलं उचललं.
काही बोलली नाही. चुंबळ उचलली नि गेली.

चढणीवर ती दिसेनाशी झाली तेव्हा
पुडी मी परत भांड्यात ठेवली.
वर चिकटपट्टी दोनदा फिरवली.

आठव्या दिवशी तिचे पैसे जमा झाले, पुरे.
मला मात्र निरोप आला:
वजनात फरक. साठ ग्रॅम जास्त. कारण निवडा.

बाहेर गाडी हॉर्न देत होती, तेवीस खोके जायचे होते,
नदीम ओरडत होता, अम्मी, भरती चढली की
खालच्या रस्त्यावर पाणी येईल.
थांब म्हटलं.
कारणं तीच पाच.
इतर दाबलं की एक चिंचोळी जागा उघडते,
त्यात फार काही मावत नाही.
मी लिहिलं, आमसुलं आहेत. खा.
तरी थोडी जागा उरली होती.
आधी भिजवा.